चौथं तिकीट

आधीच सांगून टाकते. खाली कॉमेंटमध्ये कुठल्या महाराजांचा नंबर, स्तोत्राची लिंक किंवा 'ताई, घरी एकदा शांत करून घ्या' असलं काही टाकू नका, मी डिलीट करणार आहे. या ग्रुपवर मी चार वर्षं नुसती वाचक आहे. तुमचे एकेक किस्से मी लंचमध्ये डबा खाता खाता वाचते आणि टीममधल्या मैत्रिणीला सांगून हसते. आजही माझा यातल्या कशावर विश्वास नाही. तरी लिहितेय, कारण माझ्या सख्ख्या भावाने माझ्यावर एक आरोप केलाय आणि त्याला उत्तर म्हणून माझ्याकडे फक्त हे आहे.

मी मनीषा, वय सेहेचाळीस, सिडनीत स्कोफिल्ड्सला राहते. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे 'असं झालं' असं कुणी म्हटलं की 'कसं झालं, पुन्हा करून दाखव' असं विचारायचा मला पगार मिळतो. नवरा निरंजन, मुलगी इरा, सोळा वर्षांची. आणि आई. बाबा गेल्यावर आई कायमची आमच्याकडे आली. ती नाशिकला टेलिफोन ऑपरेटर होती, एकेकाळी अर्ध्या गावाचे नंबर तिला पाठ होते. आता तिला कधी कधी इराचं नावसुद्धा आठवत नाही.

माझा मोठा भाऊ शिरीषदादा मेलबर्नला असतो. त्याचं म्हणणं, आईला एज्ड केअरमध्ये ठेवायची वेळ आली. त्याने त्याच्या घराजवळ एक चांगलं होम बघूनही ठेवलं होतं. मी म्हटलं, आई माझ्याकडे राहील. वर्षभर फोनवर हेच भांडण चाललं होतं. शेवटी ठरलं — आईने दोन आठवडे त्याच्याकडे राहायचं, त्याने स्वतः बघायचं आणि मग बोलायचं. "पण तू तिला नीट आणशील ना? रस्त्यात काही झालं तर विषय संपला," असं तो म्हणाला होता. मी म्हटलं, संपला.

आईच्या कानाचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी काही आठवडे विमान बंद सांगितलं होतं. गाडीत तिला उलट्या होतात. राहिली ट्रेन. सिडनी ते मेलबर्न, सकाळी पावणेआठच्या सुमाराला निघायचं आणि संध्याकाळी पोचायचं, अकरा तास. दादा हसला. "अकरा तास? आईला घेऊन? वेडी आहेस का?"

आता याला काय सांगायचं... मी आईला अर्धा युरोप ट्रेनने फिरवलाय! इरा व्हायच्या आधी निरंजन दोन वर्षं जर्मनीत प्रोजेक्टवर होता तेव्हा आई-बाबा तीन महिने आले होते. खिशाला परवडतील अशा गाड्यांनी, म्हणजे जी प्रत्येक स्टेशनवर थांबते तिने, आम्ही चौघं कलोनहून बर्लिन, बर्लिनहून प्राग, प्रागहून व्हिएन्ना असे फिरलो. आई दर गाडीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढायची, समोरच्या आजोबांना द्यायची, ते जर्मनमध्ये आणि ही मराठीत बोलायची आणि दोघांचं मस्त जमायचं. प्रागच्या स्टेशनवर हरवलो होतो ते मी आणि निरंजन. आम्हाला शोधून काढलं होतं आईने. म्हणून मी हट्टाला पेटले, की नेणार तर ट्रेननेच.

निरंजनला सुट्टी नव्हती. जाणार आम्ही तिघी, आई, मी आणि इरा. आणि इथेच आमच्या घरात गोंधळ झाला. आमच्याकडे तिघं मिळून प्रवासाला निघत नाहीत. निघावंच लागलं तर एक खडा नाहीतर सुपारी सोबत घ्यायची, म्हणजे मोजायला चार होतात. आई कितीही विसरली तरी हे विसरलेली नाही. मी ऑफिसमध्ये असताना इरा तिकिटं काढायला बसली आणि आई शेजारी बसून म्हणाली, "चार काढ." इराने काढली! चौथ्या प्रवाशाचं नाव विचारलं तर आई म्हणाली, "सोबत." इराने नावाच्या रकान्यात 'सोबत' लिहिलं आणि आडनाव आमचंच घातलं.

मला हे कळलं ते निघायच्या आदल्या दिवशी. मी इराला म्हटलं, "दगडाला तिकीट? तुला अक्कल आहे का?" तर ती म्हणते, "आजी सेड इट्स अ रूल, मम." आईने तोवर अंगणातल्या कुंडीतला एक खडा धुऊन, रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलासुद्धा होता.

सिडनीच्या सेंट्रल स्टेशनहून गाडी वेळेवर निघाली. एका बाजूला मी आणि इरा, मधून चालायची जागा, पलीकडे आई आणि खिडकीशी चौथी सीट. खिडकीत स्वतः बसायचं सोडून आईने तिथे रुमाल पसरला आणि त्यावर खडा ठेवला. कंडक्टर आला, साठीचा, गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस. त्याने खड्याकडे बघितलं, यादीकडे बघितलं. मी लाजेने अर्धी झाले आणि काय ते सांगितलं. तो खो खो हसला आणि यादीत खूण करत म्हणाला, "नो वरीज. शी लुक्स कम्फी." हे मुद्दाम लिहितेय, कारण त्या सीटवर माणूस नाही हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

गोलबर्नपर्यंत मजा आली. दशम्या झाल्या, चहा झाला. पण जानेवारी होता, बाहेर बेचाळीस डिग्री. दोन्हीकडे वाळलेलं पिवळं गवत, तेच ते, तासन् तास. आणि मग आईचं सुरू झालं — "नाशिकरोड आलं का गं?" पहिल्यांदा मी हसून सांगितलं. दहाव्यांदा समजावून सांगितलं. वागा स्टेशन गेल्यावर कितव्यांदा ते माहीत नाही, मी ओरडले. "नाही आलं! येणारही नाही! आपण ऑस्ट्रेलियात आहोत, आई!" पुढच्या सीटवरच्या बाईने वळून बघितलं. आईचा चेहरा लहान मुलासारखा झाला आणि ती हातातल्या पर्सचा बंद चाळवत बसली.

मला स्वतःचीच शरम वाटली, पण तिथे बसवेना. इराला म्हटलं, "आजीकडे लक्ष दे, मी चहा घेऊन येते," आणि निघाले. खरं सांगते, चहा हे निमित्त होतं. बुफेच्या डब्यात चहा घेतला आणि तिथल्याच शेजारच्या रिकाम्या सीटवर बसून राहिले. बुफेवाली मुलगी उन्हाबद्दल काहीतरी बोलत होती, मी हूं हूं करत होते. मध्ये गाडी एका छोट्या स्टेशनवर थांबली, ती म्हणाली, "कल्केर्न. ब्लिंक अँड यू मिस इट." गाडी सुटली. मी चहा संपवला, तरी बसून राहिले. मला तेवढी वीस-पंचवीस मिनिटं कुणाची मुलगी व्हायचं नव्हतं, कुणाची आईही नाही.

परत आले तर इरा एकटी, कानात इअरफोन. आईची सीट रिकामी.

"आजी कुठे आहे?"

इराने माझ्याकडे बघितलं आणि इअरफोन काढले. "व्हॉट डू यू मीन? शी वॉज विथ यू."

"माझ्याबरोबर?"

"मम, गाडी थांबली तेव्हा आजी उठली ना, आणि तू तिच्यामागे होतीस. यू हेल्ड हर एल्बो. तू माझ्याकडे बघून हसलीस पण."

मला वाटलं पोरगी झोपेत आहे. मी टॉयलेट बघितलं, पुढचा डबा बघितला, मागचा बघितला. दारापाशी कंडक्टर भेटला. मी काही बोलायच्या आधीच त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"तू तर उतरलीस," तो म्हणाला. "कल्केर्नला. आईबरोबर. मी तिला हात देऊन खाली घेतलं, मागून तू उतरलीस. मी विचारलं, तिकीट मेलबर्नचं आहे ना? तू मान हलवलीस, की इथेच उतरतोय म्हणून. मला वाटलं मुलगी पुढे जातेय आणि तुम्ही दोघी..."

माझी आई, चौऱ्याहत्तर वर्षांची, स्वतःचा पत्ता न सांगता येणारी, बेचाळीस डिग्रीत, कुणीही नसलेल्या फलाटावर. त्या माणसाने मात्र एक सेकंद घालवला नाही. लगेच फोन केले आणि पुढच्या स्टेशनवर, ऑल्बरीला, टॅक्सी उभी करून ठेवली. आम्ही बॅगा ओढत उतरलो. खडा आणि रुमाल तिथेच राहिले. त्यात गूढ काही नाही, ते उचलायचं भान कुणाला होतं!

टॅक्सीवाला पंजाबी होता. त्याने काही विचारलं नाही, फक्त "दीदी, माँजी मिल जाएँगी" म्हणाला आणि गाडी पळवली. पन्नास किलोमीटर. त्या अर्ध्या तासात मी पहिल्यांदा देवाला काहीतरी म्हणाले असेन, पण ते अनुभव म्हणून मोजू नका, ती घाबरगुंडी होती.

आई फलाटाच्या सावलीत बाकावर बसली होती. ओढणी ओली करून डोक्यावर घेतलेली, हातात बर्फाच्या पाण्याचा ग्लास. शेजारी टोपी घातलेली एक गोरी बाई. माझा जीव भांड्यात पडला. मी धावत गेले, तर ती बाई आरामात म्हणाली, "आलीस पण? गाडी कुठे मिळाली तुला?"

तिचं नाव डेनीस, स्टेशनसमोरच राहते. गाडी गेल्यावर तिला व्हरांड्यातून बाकावर दोन बायका दिसल्या, एक म्हातारी आणि एक तिच्याहून तरुण. एवढ्या उन्हात कोण बसलंय म्हणून ती पाणी घेऊन आली. तरुण बाईने पाणी घेतलं, ओढणी भिजवली, आईच्या डोक्यावर ठेवली. "म्हणजे तूच की," डेनीस म्हणाली. "एक शब्द बोलली नाहीस, मला वाटलं दमली असशील. मी बर्फ आणायला घरी गेले, परत आले तर तू नव्हतीस. म्हटलं गाडीची सोय करायला गेली असेल." मग तिची नजर इराकडे, बॅगांकडे, टॅक्सीकडे गेली.

मी आईसमोर उकिडवी बसले. "आई, कोण होतं तुझ्याबरोबर?"

"कोण म्हणजे काय? तूच होतीस की," आई म्हणाली. "नाशिकरोड आलं म्हणून उतरलो ना आपण."

आणि तेव्हा मी तिची वेणी बघितली. सकाळी घाईत मी तिच्या केसांना नुसती क्लिप लावली होती. आता घट्ट, तीन पेडांची, शेवटपर्यंत नीट घातलेली वेणी होती. आईचा उजवा खांदा आखडलेला आहे, तिचा हात डोक्यामागे जातच नाही. डेनीसला विचारलं, तिने नाही म्हटलं. ती वेणी मी दोन दिवस सोडली नाही.

संध्याकाळी दादा मेलबर्नहून गाडी हाणत ऑल्बरीच्या मोटेलवर आला. आईला नीट बघितलं, पाणी पाजलं, झोपवलं. मग मला बाहेर पार्किंगमध्ये नेलं. मी सगळं सांगितलं, जसं तुम्हाला सांगतेय तसं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "मने, इरा म्हणते तू होतीस. कंडक्टर म्हणतो तू होतीस. ती बाई म्हणते तू होतीस. आई म्हणते तू होतीस. मग तू नव्हतीस असं म्हणणारं कोण आहे? एकटी तू."

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

"तू तिला उतरवलंस, बाकावर बसवलंस आणि परत गाडीत चढलीस. वैतागली होतीस. होतं असं माणसाचं. मग घाबरलीस आणि ही गोष्ट रचलीस... मी कुणाला सांगणार नाही."

वाचकहो, इथे माझी गोची बघा. मी आयुष्यभर म्हणत आले की जी सरळ असते तीच गोष्ट खरी असते. आणि इथे सरळ उत्तर एकच होतं, की मी माझ्या आईला उन्हात टाकून आले. भूत नको असेल तर मी नालायक. बाकी तिसरा पर्याय कुणी द्यायला तयार नाही. तुमच्यापैकी जे 'ताई, स्ट्रेसमध्ये माणूस काहीही करतो आणि विसरतो' असं लिहायला बसले असतील त्यांना सांगते, बुफेवाल्या मुलीशी मी नंतर बोलले. गाडी कल्केर्नला थांबली तेव्हा मी तिच्यासमोर बसले होते, हे तिला पक्कं आठवतंय. आणि डेनीसने ती बाई गाडी निघून गेल्यानंतर बघितली. सुटलेल्या गाडीत मी चढले कशी? दादाला हे सांगितलं तर म्हणतो, लोकांच्या लक्षात नीट राहत नाही. बरं! माझ्या विरुद्ध बोलणाऱ्यांच्या तेवढं नीट लक्षात राहतं.

आणि दुसऱ्या बाजूच्या लोकांनो, तुम्हीही गप्प बसा. माझ्या सासूबाईंना कळल्यापासून त्या म्हणतात, बघ, सोबत घेतली म्हणून वाचली, हात जोड तिला. का जोडू? ती नसती तर आई उठल्याबरोबर इरा उठली असती. दाराशी कंडक्टरने आईला थांबवलं असतं. सगळे गप्प बसले ते माझा चेहरा बघून. मान हलवली तिने. मी आईला तिथे उतरू दिलं नसतं, कधीच नाही. तिने उतरू दिलं. आईला हवं होतं म्हणून उतरवलं, आणि मग पाणी पाजलं, वेणी घातली आणि मी यायची वेळ झाली तशी निघून गेली. मला तिचे उपकार वाटत नाहीत. मला तिचा राग येतो. माझं काम तिने माझ्या चेहऱ्याने केलं, आणि माझ्यापेक्षा बरं केलं.

दादाला मी त्या पार्किंगमध्येच सांगितलं. "मी वीस मिनिटं आईला सोडून चहा पीत बसले, हा माझा गुन्हा. तो कबूल. बाकीचं तू रच. पण रस्त्यात काही झालं तर विषय संपला हा शब्द मी मोडतेय. आई माझ्याकडेच राहणार." तो रागावून गेला. चार महिने बोलला नाही, आता बोलतो. होमचा विषय काढत नाही, पण माझ्यावर विश्वासही ठेवत नाही.

मी आठवड्यातले तीन दिवस काम कमी केलं. त्या दिवसाचं प्रत्येक मिनिट कागदावर मांडून बघितलं, जसं ऑफिसात मांडते तसं. जुळत नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि 'काही गोष्टी विज्ञानाच्या पलीकडे असतात' हे वाक्य मी मेले तरी लिहिणार नाही. मला अजून सापडलं नाही, एवढंच.

गेल्या रविवारी दुपारी मागच्या अंगणात आईच्या केसांना तेल लावत होते. ती मान हलवत होती, गुंता निघत नव्हता, मी "हलू नकोस गं" म्हणून जरा खेकसले. आई म्हणाली, "ती दुसरी मनू येत नाही का गं आता?"

माझे हात थांबले. "कुठली दुसरी?"

"गाडीतली. ती चिडत नव्हती."

डोळे भरून आले आणि त्या बाईचा पुन्हा सणसणून राग आला. मी आईच्या समोर जाऊन बसले. म्हटलं, "ती गेली आई. आता मीच आहे. चिडणारी. चालेल का?"

आईने माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, अगदी विचार करून बघितलं.

"चालेल," ती म्हणाली, आणि पाठ माझ्याकडे करून बसली.